मशीनला शोधायला लावणाऱ्या इंगवलेबाई

लखनौतल्या मराठी माणसांना एकमेकांची ओळख करून देताना नावाआधी खातं सांगायची सवय. हे एअरफोर्सचे, हे बँकेतले, हे मानक नगरचे रेल्वेवाले. चंद्रप्रभा इंगवले यांना मात्र महाराष्ट्र मंडळात सगळे "नकाशावाल्या इंगवलेबाई" म्हणत. हज़रतगंजच्या मागच्या गल्लीत एका सरकारी कंपनीचं डिझाइन ऑफिस होतं. पाण्याच्या टाक्या, कालव्यांचे दरवाजे, छोटे पूल, असलं सगळं तिथे कागदावर उतरायचं. ते कागद ज्या खोलीत ठेवत त्या खोलीच्या चाव्या बाईंकडे. कुठल्याही इंजिनिअरने दारात उभं राहून "मैडम, वो उन्नाव वाली टंकी" म्हणायचा अवकाश, बाई हातातला चहा खाली न ठेवता कपाट दाखवायच्या.

बाई मूळच्या कराडच्या. लग्न होऊन लखनौला आल्या, इथेच चिकटल्या. नवरा श्रीरंग इंगवले बँकेत. इंदिरा नगरात दोन खोल्यांचं घर, मुलगी अवनी इथेच शिकलेली, आणि आता लग्न होऊन भोपाळला गेलेली. सगळं बरं चाललं होतं, तोवर बँकेने श्रीरंगरावांना पुण्याला बदली दिली. बाईंच्या कंपनीचंही पुण्यात ऑफिस होतं, म्हणून बाईंनी लगेच अर्ज टाकला. अर्ज गेला तो गेलाच. श्रीरंगराव पुण्यात खोली घेऊन डबा खात राहिले आणि बाई इथे एकट्याच कुकर लावत राहिल्या.

मग शहाण्णव सालच्या दिवाळीत श्रीरंगरावांच्या छातीत दुखलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून इस्पितळात नेलं. बाईंना कळलं दुसऱ्या दिवशी, तेही ऑफिसच्या फोनवर, सगळ्यांच्या देखत. झटका सौम्य होता म्हणे. म्हणणाऱ्याचं काय जातं! बाई पुण्याला जाऊन आल्या, रजा संपली तशा परत आल्या, आणि आल्या त्या दिवशी थेट ऑफिसचे मुख्य अस्थाना साहेब यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहब, मुझे छोड़ दीजिए. पुण्यात जागा रिकामी आहे. मार्च के बाद ती पण जाएगी."

बाईंची हिंदी अशीच. बावीस-पंचवीस वर्षं लखनौत काढूनही रागावल्या की वाक्य मराठीत शिरायचं आणि साहेबांनाही ते आता कळायचं.

अस्थाना साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलायचे, पान खायचे, कुणाचं मन मोडायचं जिवावर यायचं त्यांच्या. म्हणूनच त्यांच्याकडे कुठलंच काम पुरं होत नसे. ते म्हणाले, "इंगवले मैडम, आप चली जाएँगी तो फ़ाइल कौन ढूँढेगा? आप ऐसा कीजिए, ये जो मशीन आई है, इसको ढूँढना सिखा दीजिए. दिल्ली से डायरेक्टर साहब फ़रवरी में आ रहे हैं. उनके सामने मशीन ने ढूँढ दिया, तो उसी दिन आपका रिलीविंग ऑर्डर. मेरी ज़ुबान है."

झालं! बाईंनी ती जबान पदराला गाठ मारून ठेवली.

मशीन म्हणजे युनिक्सवाला मोठा कंप्युटर. इंजिनिअर लोक वर्षभरापासून त्याच्यावर नकाशे काढत होते, आणि नावं काय द्यायचे, तर "फायनल", "नया फायनल", "गुप्ता वाला फायनल". कागद असता तर बाईंनी कान धरून विचारलं असतं. इथे फाइल कुठल्या फोल्डरच्या पोटात कुठलं पिल्लू होऊन बसली आहे, ते ठेवणाऱ्यालाही आठवत नसे. मशीन बसवायला दिल्लीहून खुराना नावाचा एक इंजिनिअर आला होता. त्याने जाता जाता बाईंना "लोकेट" दाखवलं होतं. काळ्या पडद्यावर लोकेट लिहायचं, पुढे फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावाचा तुकडा लिहायचा, की त्या तुकड्याच्या सगळ्या फाइली पत्त्यासकट खाली ओळीने येतात. खुराना म्हणाला, मशीन स्वतः सगळीकडे हिंडून नावांची एक यादी करून ठेवतं, आणि लोकेट फक्त त्या यादीत बघतं, म्हणून ते इतकं झटपट. यादी ताजी करायचं काम रात्री लावून द्या, "अपने आप हो जाएगा." चार पानं झेरॉक्स देऊन तो गाडीला गेला.

त्या चार पानांनी बाईंचा पिच्छा पुरवला. इंग्रजी कळत होतं, पण सांगतंय काय ते कळत नव्हतं. पहिल्यांदा, जेवणाच्या सुट्टीत पडदे रिकामे असताना, यादी केली तेव्हा "टँक" शोधल्यावर मशीनने स्वतःच्याच आतड्यातल्या कसल्या कसल्या फाइली ओकल्या. बाई घाबरून खुर्ची मागे घेऊन बसल्या. मग पानं पुन्हा वाचली, तेव्हा उलगडलं, की एका सेटिंगच्या फाइलीत लिहून द्यायचं असतं: या फोल्डरांत हिंड, त्या फोल्डरांत पाऊल टाकू नकोस. बाईंनी मशीनची आपली खाजगी फोल्डरं वगळली, तात्पुरतं कच्चं काम टाकायचं फोल्डर वगळलं, इंजिनिअरांची फोल्डरं घातली. पुन्हा यादी केली. लोकेट, उन्नाव. आली! टाकी आली, तिचा पाया आला, जिना आला. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी शिपाई रामसजीवनला जिलबी आणायला पिटाळलं.

ती जिलबी जरा लवकरच खाल्ली म्हणायची.

कारण चार दिवसांनी गुप्ता इंजिनिअरने नवा नकाशा केला, "हरदोई पूल", आणि लोकेटला विचारलं तर लोकेट गप्प. एक ओळ नाही. उलट जो जुना नकाशा गुप्ताने काल पुसून टाकला होता तो मात्र लोकेट छातीठोकपणे दाखवत होतं. पत्ता देत होतं! त्या पत्त्यावर जावं तर तिथे कुणी नाही. "मैडम, आपकी मशीन मुर्दों का पता बताती है, ज़िंदों का नहीं," गुप्ता म्हणाला, आणि सगळी खोली हसली.

बाईंनी सेटिंगची फाइल उघडली. गुप्ताचं फोल्डर होतं. वगळलेल्यात नव्हतं. रात्री दोन वाजता यादी ताजी करायची ती ओळही जशीच्या तशी होती, खुरानाच्या पानांवरून अक्षर न् अक्षर उतरवलेली. त्यांनी स्वतः बसून यादीची कमांड चालवली. चालली, आणि हरदोई पूलही आला. पण ती कमांड चालू असेपर्यंत मशीन इतकं मंद झालं, की इंजिनिअरांचे पडदे जागच्या जागी थिजले. "कौन चला रहा है यार?" अशी आरडाओरड झाली. अस्थाना साहेब बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, दिवसा हे पुन्हा नको, रात्री होतंय ना, रात्रीच होऊ दे.

पण रात्री होतच नव्हतं! हे बाई सांगायच्या, आणि कुणाला पटायचं नाही, कारण ओळ तर समोर लिहिलेली होती. बाईंनी दोनच्या ऐवजी तीन वाजता लावून पाहिलं. मग एक. घड्याळ मागेपुढे असेल म्हणून सकाळी आल्या आल्या मशीनची वेळ तपासली, तर ती मिनिटाला मिनिट बरोबर. मग वाटलं, आपण वगळायची फोल्डरं जास्त घातली म्हणून ते रुसलं असेल. ती काढली. मशीनचा तो खाजगी पसारा पुन्हा यादीत यायला हवा होता, तोही आला नाही. म्हणजे बदल केला तरी तेच, नाही केला तरी तेच. कुठे काय चुकतंय याचा पत्ता लागेना. बाईंना स्वतःच्याच डोक्याची शंका यायला लागली. फोनवर श्रीरंगरावांना सांगायला जावं, तर ते म्हणत, "प्रभा, मला पासबुक छापायचं मशीन पण नीट कळत नाही. तू कर काहीतरी, पण ये." आणि मग जिना चढताना दम लागतो का, या प्रश्नावर ते हवापाण्याचं बोलायला लागत.

आता बाई संध्याकाळी काय करायच्या ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीत शॉर्ट सर्किट होऊन अर्धा मजला जळला होता. तेव्हापासून ऑफिसात हुकूम होता, शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच खाली करून जायचं. शेवटी निघणाऱ्या म्हणजे नेहमी बाईच, कारण चाव्या त्यांच्याकडे. आणि बाई ते काम देवघर आवरल्यासारखं करायच्या. आधी मशीन रीतसर बंद करायचं, खुरानाने शिकवलं होतं तसं. पडद्यावर ते "झालं" म्हणेपर्यंत थांबायचं. मग त्याच्यावर घरी शिवलेलं कापडी कव्हर चढवायचं. मग खाटकन मेन खाली. सकाळी येऊन सगळं उलट्या क्रमाने. सगळ्या ऑफिसात या शिस्तीचं कौतुक होतं. अस्थाना साहेब तर पाहुण्यांनाही सांगायचे.

तुम्ही म्हणाल, बाई इतक्या कशा भोळ्या, बंद मशीन रात्री काम कसं करील? पण त्यांच्या घरी व्हीसीआर होता. संध्याकाळची मालिका लागायची तेव्हा बाई प्रवासी टेम्पोत बसून इंदिरा नगरच्या वाटेवर असायच्या. म्हणून सकाळीच टायमर लावून, टीव्ही बंद करून, घराला कुलूप घालून निघायच्या, आणि परत येऊन बघतात तर मालिका टेपवर हजर. घरात काळं कुत्रं नसताना ते यंत्र आपलं काम करून ठेवायचं. मग ऑफिसातलं एवढं लाखाचं मशीन व्हीसीआरपेक्षा कमी का असेल? वर सकाळी त्याचं घड्याळ बरोबर. म्हणजे आतून ते जागंच असणार. बाईंचा हिशेब असा होता, आणि खोटं कशाला बोला, त्या ऑफिसातल्या एकाही डिग्रीवाल्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

जानेवारीत मंडळात हळदीकुंकू होतं. कॅन्टोन्मेंटमधल्या विजया कदम, मेजरसाहेबांच्या मिसेस, बाईंना न्यायला जीप घेऊनच आल्या. बाईंनी चाव्या रामसजीवनकडे दिल्या आणि लवकर निघाल्या. मागे इंजिनिअर लोक सातपर्यंत बसले आणि हात झटकून घरी गेले. मशीनला कुणी हात लावला नाही, मेनला नाही. बाई करतात ते, आपल्याला काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तर मशीन चालूच. रामसजीवनला त्या अशा बोलल्या, की तो बिचारा दिवसभर समोर आला नाही. पण सहज म्हणून त्यांनी लोकेटला कालचा नकाशा विचारला, आणि तो आला! परवाचाही आला. पुसलेले सगळे यादीतून गेले होते. बाई हरखल्या. साहेबांना बोलावून दाखवलं, साहेब म्हणाले वाह. संध्याकाळी बाईंनी मशीन रीतसर बंद केलं, कव्हर घातलं, मेन खाली केला. सकाळी कालचा नवा नकाशा विचारला तर लोकेट पुन्हा गप्प.

अस्थाना साहेब पडद्यापाशी आले. मग त्यांनी तोंडातलं पान संपवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "इंगवले मैडम, बुरा मत मानिएगा. आप नहीं थीं, तो चला. आप हैं, तो नहीं चलता. कहीं ऐसा तो नहीं कि आप ही नहीं चाहतीं? इतने साल सब आपसे पूछते आए हैं..."

बाई तिथून वळल्या. कपाटांच्या खोलीत जाऊन बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मला नको आहे म्हणे! जिचा नवरा तिकडे रात्री छातीवर हात ठेवून झोपतो, तिला नको आहे! राग साहेबांचा येत होता, मशीनचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण साहेब बोलले ते खरंच दिसत होतं. त्या असल्या की चालत नव्हतं. का? त्यांनी केलं तरी काय होतं?

त्या संध्याकाळी घरी पोचल्या तर वाटेतल्या सगळ्या कॉलनीत अंधार. दुपारपासून लाइट गेलेली, शेजारच्या श्रीवास्तव भाभी म्हणाल्या. लाइट आली आणि बाईंनी टेप लावली, तर नुसत्या मुंग्या. मालिका नाहीच. व्हीसीआरच्या तोंडावर शून्य-शून्य उघडझाप करत होते. "अगं बाई, लाइटच नव्हती तर हे बिचारं टिपणार कशावर," असं म्हणत त्या उठल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात तशाच थांबल्या.

कव्हर. मेन स्विच. खाटकन.

"माझं कप्पाळ!" बाई मोठ्याने म्हणाल्या. श्रीवास्तव भाभी भिंतीपलीकडून "क्या हुआ दीदी?" विचारत राहिल्या. काय सांगणार? रोज संध्याकाळी आपणच त्याला अफू देऊन निजवत होतो, आणि सकाळी येऊन विचारत होतो, रात्री काम का केलं नाहीस. पण ते घड्याळ? घड्याळ कसं चालत होतं? ते त्यांना त्या रात्रीही कळलं नाही. पुढे गुप्ता म्हणाला, आत एक छोटा सेल असतो, तो फक्त वेळ सांभाळतो.

मेन चालू ठेवायला अस्थाना साहेब तयार होईनात. हुकूम तो हुकूम. मग बाईंनीच बिजलीवाल्याला गाठलं, मशीनची लाइन वेगळी काढून घेतली आणि बाकीच्या ऑफिसचा मेन खाली करायचं सुख स्वतःकडे ठेवलं. वगळायची फोल्डरंही पुन्हा नीट घातली. आणि चाललं. रोज सकाळी चाललं. बाई आपल्या ट्रंकेत कपडे भरायला लागल्या. पुण्यात लागायचा नाही म्हणून स्वेटर श्रीवास्तव भाभींना देऊनही टाकला, भर थंडीत.

फेब्रुवारीत डायरेक्टर साहेब आले. बारीक चणीचे, घाईत असलेले गृहस्थ. बाईंनी उभ्यानेच लोकेट लिहिलं आणि म्हणाल्या, "आप नाम बोलिए साहब." त्यांनी आदल्या दिवशीच झालेल्या कालव्याच्या एका दरवाज्याचं नाव घेतलं. आला. त्यांनी मागच्या वर्षीचं एक नाव घेतलं. तेही आलं. ते खुर्चीत बसले. स्वतः लिहून बघायला लागले, पोरासारखे. "हमारे दिल्ली ऑफ़िस में तो एक फ़ाइल को आधा दिन लगता है. किसने किया ये?"

"हमारी इंगवले मैडम ने," अस्थाना साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता.

डायरेक्टर साहेबांनी बाईंना नमस्कार केला. कुठली फोल्डरं घातली, कुठली वगळली, रात्रीची ओळ कशी लिहिली, वेगळी लाइन का काढली, सगळं विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा माणूस त्यांचं बोलणं मान हलवत ऐकत होता. बाईंना फार बरं वाटलं, आणि त्या जरा जास्तच बोलल्या.

संध्याकाळी अस्थाना साहेबांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर मिठाईचा डबा उघडा होता.

"मुबारक हो मैडम! डायरेक्टर साहब का हुक्म है, दिल्ली, पटना, भोपाल, सब ऑफ़िसों में यही लगेगा, और लगाएँगी आप. तरक़्क़ी का काग़ज़ भी चल पड़ेगा. यहाँ की मशीन भी आप ही के ज़िम्मे."

बाईंना आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "और रिलीविंग ऑर्डर, साहब?"

"अरे अब आपको कैसे छोड़ दें! पहले तो फ़ाइल ही ढूँढती थीं. अब मशीन बिगड़ी तो हममें से किसको आता है?"

"पण तुम्ही जबान दिली होती!" बाई मराठीतच ओरडल्या. "चाललं तर सोडीन म्हणालात! चाललं ना? मग?"

साहेब खरोखर गोंधळले. एवढी चांगली बातमी देऊन बाई चिडल्या का, ते त्यांना समजेना. त्यांनी मिठाईचा डबा आणखी पुढे सरकवला. "वो तब की बात थी मैडम," ते मऊ आवाजात म्हणाले. "तब आप इतनी ज़रूरी नहीं थीं."

बाई बाहेर आल्या. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरल्या आणि पुण्याचा नंबर फिरवला. श्रीरंगरावांनी पहिल्याच घंटेला उचलला, जणू हात फोनवरच होता.

"काय झालं? चाललं का?"

"चाललं."

"शाब्बास! मला माहीत होतं. अगं, मी मोठा कुकर आणून ठेवलाय, दोघांचा. आणि ते खालच्या मजल्यावरचे लोक जागा सोडतायत, मी घरमालकाला बोलून ठेवलं, म्हटलं बायको येतेय, आता जिना नको. कधी निघतेस?"

"अहो, ऐका. चाललं म्हणूनच सोडत नाहीत मला."

मग श्रीरंगराव हळूच म्हणाले, "म्हणजे नसतं चाललं तर सोडलं असतं?"

"नाही. तेव्हाही नसतं सोडलं."

"मग प्रभा, तू काय केलंस म्हणजे सोडतील?"

काचेपलीकडे रांगेतला माणूस घड्याळ दाखवून खुणा करत होता. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली.

"मला कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमची शपथ, मला खरंच काही कळत नाही."